चोवीस घरांचं कपाट

इतवारीत, जयस्वाल भंगारवाल्याच्या शेडमागे
ते पालथं पडलं होतं,
पाठीवर टायर, टायरात पिंपळाचं रोपटं.
जळणाच्या भावानं देतो म्हणाला,
आणि खरंच काट्यावर चढवलं:
एकेचाळीस किलो.
टपाल लावायचं कपाट. चार ओळी, सहा रकाने,
एकेका घरात कोपरापर्यंत हात जाईल एवढी खोली.
मानेवाड्याला आणताना ऑटोवाल्यानं विचारलं,
"ताई, कबुतरं पाळता का?"

चिंधूजी निनावे मे महिन्यात आले,
सायकलला डबा, डब्यात चपडी, स्पिरिट,
जुन्या धोतराचे तुकडे.
गिरणी बंद पडल्यावर पॉलिश शिकले.
कपाटावर टिचकी मारली, कान लावला.
"आलापल्लीचं सागवान हाय. मेलं नाही,
बुजून गेलं."

रंग उलट्या क्रमानं निघाला.
आधी कुणाच्या तरी हौसेचा गुलाबी,
मग दवाखान्यातला हिरवा,
मग खात्याचा राखाडी.
रात्री मी नखांत
तीन सरकारं घेऊन झोपायची.

चौथ्या दिवशी राखाडीखालून अक्षरं आली.
काटोल. सावनेर. उमरेड.
कुही, मौदा, भिवापूर.
बारीक कुंचल्यानं, वळणदार;
फक्त नरखेडच्या 'ड'ला जागा पुरली नाही,
तो खाली उतरून बसलेला.
माझा हात थांबला.
"पुसाचं नाही," चिंधूजी म्हणाले,
"गावं हायेत ते. भवतालून घासा."

भवतालून घासलं.
ऐंशीचा कागद, एकशेवीसचा, मग दोनशेवीसचा,
गावांच्या वेशीवर बोटाच्या टोकानं.
सागाचा वास सुटला,
नव्या चपलेसारखा, आणि किंचित
कढलेल्या तुपासारखा.

कूलर लावायचा नाही, ही त्यांची अट.
"ओल लागली का चपडी पांढरी पडते."
पंचेचाळीस अंश. खसाच्या ताट्या कोरड्या ठणठणीत.
ते आठाचा आकडा काढल्यासारखी चिंधी फिरवत,
एक हात. वाळू दे. दुसरा हात.
सतरा हात झाले, मी मोजले.
ताक प्यायलाही लांब बसायचो,
घामाचा थेंब उमरेडवर पडू नये म्हणून.

चोविसावं घर कोरं निघालं.
रंगाखाली रंग, मग थेट लाकूड.
"पत्ता नसलेल्यांचं असेल," मी म्हटलं.
"मंग मायं हाय ते. निनावे!"
हसले. आणि काम करता करताच,
मी न विचारता:
"माय्या आंधी तीन लेकरं गेले.
मी झालो तं मायनं उकिरड्यावर नेऊन ठेवलं.
दाईनं उचललं. मंग मायनं दाईजवळून
इकत घेतलं, एक चिंधी देऊन.
म्हणून चिंधू.
टाकलेल्या मालाले यम हात लावत नाही ना."
आणि पुढचा हात चढवला.

आता भिवापुरात मिरची आहे,
दुसरीकडे ठेवणं बरं दिसलं नसतं.
काटोलात चष्मे, उमरेडला विजेची बिलं.
रामटेकला जोडी हरवलेले मोजे,
वनवास संपेपर्यंत.
मुलगी आतून ओरडते,
"आई, सावनेरात कात्री नाहीये!"
शेजारच्या वानखेडेबाई हे ऐकून
एकदा दारातूनच परत गेल्या.

कोऱ्या घरात मी काही ठेवलं नव्हतं.
परवा धूळ पुसायला हात घातला, तर
धोतराच्या तुकड्याची घडी,
चपडीनं कडक, तपकिरी,
तीन बोटं जिथं धरायची तिथं
तीन खळगे.

फोन केला.
"राह्यली का तिथं? असू द्या.
घरभाडं पुढच्या कामात कापून घ्या."

पुढचं काम काही नव्हतं.
मी इतवारीला गेले.