चार ताऱ्यांची लाट

ग्लॉस्टरच्या दवाखान्यात, बंद काचेच्या खोलीत
मी माणसांचे कान मोजते.
कुठला आवाज गळला, किती गळला,
त्याचा उतरता आलेख काढून हातात देते.
बहुतेकांना नातवंडं ऐकायची असतात,
काहींना टीव्ही.
एका बाईंना नवऱ्याचं घोरणं नको होतं,
त्यांच्यासाठी माझ्याकडे काही नव्हतं.

क्लेमंट प्रॉसर म्हणाले, मला नदी ऐकायचीय.
वय एक्याऐंशी, नखांत सेव्हर्नचा गाळ.
अकरा वर्षं झाली, नुसती दिसते.

मी म्हटलं, खळखळ ना? लावू या यंत्र.
खळखळ कुठली! ती उलटी येते.

उलटी गंगा हे शब्द आई माझ्यासाठी राखून ठेवायची.
पहिल्या पगाराचे पैसे पाठवले तेव्हाही तेच :
लेकीनं आईला पाठवायचे? उलटी गंगा!
मी दाभोळच्या खाडीवरची,
उधाण आणि भांग मला कुणी शिकवायला नको.
बाबा फेरीबोटीवर होते,
त्यांच्या जेवणाची वेळ चंद्र ठरवायचा.
पण आमचं पाणी चढतं ते चोरपावलांनी,
धक्क्याच्या एकेका पायरीवर टेकत.

मार्चातली पौर्णिमा, वर दोन दिवस.
प्रॉसरांच्या फ्रिजवर चिकटवलेला कागद :
मिन्स्टरवर्थ, सकाळी नऊ चौदा, चार तारे.
हॉटेलसारखं, मी म्हणाले.
हॉटेल उघडायच्या वेळेला उघडतं, ते म्हणाले.

चर्चमागच्या बांधावर थर्मास, दुर्बिणी,
नाईटगाऊनवर रेनकोट चढवून आलेली एक बाई.
पाण्यात फळ्यांवर पालथी सहा पोरं,
काळ्या रबरी कपड्यांत गारठलेली.
नऊ चौदा झाले. नऊ वीस.
नदी आपली समुद्राकडे चाललेली,
तपकिरी, निवांत,
परत बोलावणं आलंय
हे अजून तिच्या कानावर नसल्यासारखी.

आधी कुत्र्यानं कान टवकारले,
मग प्रॉसरांनी हात वर केला,
आम्ही धडधाकट कानांचे सगळ्यात शेवटी.
लांब कुणी सुपात तांदूळ पाखडावेत तसं,
नाही, तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसं,
नाही.
मी आवाज डेसिबलात मोजणारी बाई,
सोडून देते.

वळणावर दिसली.
या काठापासून त्या काठापर्यंत पाण्याला पडलेली एकच घडी,
कडेकडेनं फुटत,
वाकलेल्या फांद्या धरत, सोडत.
पोरं उठली, चार आपटली, दोघं उभी राहिली
आणि उभ्या उभ्या आमच्यासमोरून शहराकडे गेली.
मग नुसती नदी. उलटी, तासभर :
ओंडके, एक फुटबॉल,
डुलत डुलत इंग्लंडच्या पोटात निघालेलं निळं पिंप.
आणि तिच्यात कुठेतरी, प्रॉसर म्हणाले,
सुईएवढ्या काचेच्या वाम,
अख्खा अटलांटिक ओलांडून आलेल्या,
आता शेवटचे काही मैल
बिनतिकिटाच्या.

कशी ऐकू आली? मी विचारलं.
ते पिंप दिसेनासं होईपर्यंत बघत राहिले.
लहान, म्हणाले.
स्वच्छ ऐकू आली. पण लहान.

अकरा वर्षं त्यांनी जी आत सांभाळली होती
ती दर उधाणाला बोटभर वाढत गेली असणार.
त्याला यंत्रात बटण नाही.
तरी मी कंपनीची पुस्तिका उघडून पाहिली.

पंधरवड्यानं तपासणीला आले.
नियम साधा : आवाज आला की बटण दाबायचं.
पहिला आवाज मी अजून सोडलाही नव्हता,
काचेपलीकडे त्यांनी बटण दाबलं.
मी मान हलवली, काही वाजलं नाहीये.
त्यांनी बोट ओठांवर ठेवलं,
गप्प बसा, येतेय.
मी हात मागे घेतला.
बाहेर दोन पेशंट थांबलेले,
घड्याळात नऊ सोळा.