समुद्र, पण

पूर्वी एका तारखेसाठी मी लिस्बनला जायचे.
पहाटेची बस, डब्यात उकडलेली अंडी,
अभिलेखागाराच्या दारात छत्री, कोट, पिशवी जमा,
आत फक्त पेन्सिल.
तिसऱ्या दिवशी कळायचं,
हवी ती पेटी दुरुस्तीला गेली आहे.

मग एव्हारिस्तु आला, बहिणीचा धाकटा,
आणि जेवणानंतर, हात पुसता पुसता
माझ्या लॅपटॉपवर काही हत्यारं बसवून गेला.
जुनी वर्तमानपत्रं वाचणारं,
वाचलेलं कापून खणाखणांत लावणारं,
आणि एक नुसतंच जागं राहणारं:
त्याला शब्द देऊन ठेवायचा,
जगात कुठेही तो उमटला की घंटी वाजते.
"मावशी, ही तुझी मांजर समज," म्हणाला,
"उंदीर आणून पायाशी टाकेल.
त्याचं काय करायचं ते तू बघ."

खोटं कशाला बोलू, मजा आली.
बावन्न साली न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यापुढे
बर्फ कुठल्या आठवड्यात सुटला,
मिठाची गोण कितीला, कॉड चिरायच्या सुरीची मूठ कसली,
कॉफी निवायच्या आत सातशे पानं.
दोन वर्षं फतकल मारून बसलेली कादंबरी
उठली आणि चालू लागली.

चुका व्हायच्या. पिवळ्या कागदावरची पुसट शाई
यंत्राला नीट दिसत नाही.
आमच्या इल्याव्हुच्या बोलीत काय, साऱ्या पोर्तुगीजमध्येच
समुद्र आणि पण या दोन शब्दांत
शेवटच्या एका अक्षराचा फरक.
त्यात ते हमखास घसरायचं:
'बोटी पहाटेच पणात उतरल्या.'
'माणूस कष्टाळू होता, समुद्र गरीब.'
मी हसत हसत दुरुस्त करायचे.
काही नाही केल्या. वहीत उतरवून घेतल्या.

माझ्या नायकाचं नाव झेफेरिनु बिलेलु.
उसनं आहे. आईच्या थोरल्या भावाचं,
जो 'सांता क्विटेरिया'वरून गेला आणि आला नाही.
बंदराकडच्या खिडकीवर खाऱ्या वाऱ्याचा थर बसायचा,
मी फडकं घेतलं की आई म्हणायची,
राहू दे, ते त्याचं आहे.
कादंबरीत मी त्याला धुक्यात हरवलाय,
एकट्याच्या होडीत, शिंग फुंकत, पान दोनशे अकरा.
लिहिताना रडले होते.
प्रकाशक म्हणाला, हे प्रकरण उत्तम साधलंय.

जाग्या राहणाऱ्या हत्याराला मी ते नाव
सहज देऊन ठेवलं होतं. नायकाचं म्हणून.
त्याला काय ठाऊक
कोण नायक, कोण मामा.

मंगळवारी, मी सार्डिन साफ करत असताना, घंटी वाजली.
कुठल्याशा बंदर-कचेरीने नवी पेटी स्कॅन केली होती.
खलाशांची यादी, टंकलिखित, ओळ सत्तावीस:
झेफेरिनु बिलेलु, वय चोवीस,
आणि शेवटच्या रकान्यात, हाताने,
'निघताना हजर नव्हता.'

शोधायला चार सेकंद लागले.
खाली बारीक अक्षरांत तसं लिहिलेलं असतं,
शाबासकीची वाट बघितल्यासारखं.

मी पान चौपट मोठं केलं.
यंत्र घसरलं असेल म्हणून एकेक अक्षर बोटाने वाचलं.
बोटाला खवले चिकटलेले, पडद्यावर डाग पडला.
यंत्र घसरलं नव्हतं.

मग पुढचा शोध टाकायला घेतला.
कर्सर लुकलुकत राहिला, मला शब्द सुचेना.
न गेलेला माणूस कुठल्या यादीत असतो?

संध्याकाळी एव्हारिस्तुचा फोन.
"वेळ वाचतोय ना, मावशी?"
वाचतोय, म्हटलं.
वाचलेला वेळ घेऊन खिडकीशी बसले.
ती काच मी गेल्याच वर्षी पुसून घेतली.

पान दोनशे अकरा उघडं आहे.
धुकं तिथेच, शिंग तिथेच, होडीही.
शेवटची ओळ समुद्र या शब्दाशी थांबते.
मी त्याचं शेवटचं अक्षर तेवढं बदललं
आणि पूर्णविराम काढून टाकला