तिसरी ब्रीटा

नाव खोडलं म्हणजे माणूस मेलं असं नाही,
सिक्स्टेन म्हणाला, आणि मायक्रोफिल्मचं चाक उलटं फिरवलं.
खोडलं म्हणजे या पानावरून गेलं.
कुठे गेलं ते कडेला बघायचं, बारीक अक्षरात,
पाद्रीबुवांना जागा उरली असेल तर.

दर हिवाळ्यात ते घसरगाडीवरून घरोघर यायचे.
चुलीपुढे सगळ्यांना बसवून परीक्षा:
वाच. आता अर्थ सांग.
आणि वहीत प्रत्येकाच्या नावापुढे शेरा.
पेर निल्सन, लोहार. वाचन ठीक, समज बेताची.
बायको मार्गता. वाचन चांगलं. देवी येऊन गेल्या.

ब्रीटा, अकरा आठवडे. आडवी रेघ.
ब्रीटा, चार वर्षं. आडवी रेघ.
तेव्हा जूनमध्येच बर्फ पडायचं, बार्ली हिरवीच काळी पडायची,
आणि लोक पाइनची साल दळून पिठात घालायचे.
नाव मात्र टाकून द्यायचं नाही.
गेलेल्या लेकराचं झबलं धुऊन वाळवून
पुढच्याच्या अंगात घालतात
तसं.

मग तिसरी ब्रीटा.
तिच्यावरची रेघ साठ वर्षांनी येते,
दुसऱ्या पुस्तकात, दुसऱ्या हाताची.
तिच्यापासून पुढे आम्ही.

आमच्या घरी एक ऐरण आहे, शिंग तुटलेली.
ती पेरची, असं बाबा सांगतात.
लोहाराचे हात आहेत हे, म्हणायचे,
पंजे पसरून दाखवायचे आम्हा बहिणींना,
आणि त्याच हातांनी त्यांनी चाळीस वर्षं टपाल वाटलं.

मी तारखा उतरवून घेत होते, पेन्सिलीने,
तिथे शाईचं पेन चालत नाही.
पेर बुडाला नोव्हेंबर अठराशे एकतीसमध्ये,
नदीवरचं बर्फ पातळ होतं.
ब्रीटा जन्मली ऑगस्ट अठराशे तेहेतीसला.
बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं.
हत्तिणीचा हिशेब लागतो हा, सिक्स्टेन म्हणाला.

पाच पानं मागे एका मोलकरणीच्या पोरापुढे
त्याच हाताने लिहिलंय, पिता अज्ञात,
खाली दोन रेघा मारून, ठसठशीत.
इथे मात्र: ब्रीटा पेर्सडॉटर.
पेरची मुलगी.
एक खाडाखोड नाही.

चूक म्हणावी तर ज्या बुवांनी पेरला पुरलं
तेच लिहीत होते. शाई गोठली म्हणावं
तर ऑगस्टात शाई गोठत नाही.
मार्गताने सांगितलं असेल, पेरची म्हणून,
मूल त्यांच्या हातात देताना, नजर न चुकवता,
आणि तिच्या दोघींना माती त्यांनीच दिली होती.
कोण जाणे.
सिक्स्टेन खाकरला.
किंवा बुवाच, म्हणाला,
आणि कॉफी आणायला गेला.

बाहेर आले तेव्हा तीन वाजता अंधार पडलेला.
गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडत राहिले,
पुरेसं खरवडून झाल्यावरही.

रात्री बाबांना फोन केला. ब्याण्णव वर्षांचे.
तारखा सांगितल्या, दोन्ही, सावकाश.
पलीकडे बराच वेळ फक्त रेडिओ,
समुद्रावरच्या बोटींसाठी हवामान,
एकेका दीपगृहाचं नाव घेऊन वाऱ्याचा वेग.
बाबांचं गाव समुद्रापासून दोन दिवसांच्या पायवाटेवर,
तरी रोज ऐकतात.

मग म्हणाले, वाचता येत होतं का तिला?
कुणाला?
ब्रीटाला.

वही उघडली. अठराशे एकोणपन्नास, वय पंधरा,
नवे पाद्री, तिरकं घाईचं अक्षर.
वाचन चांगलं. समज चांगली.
आणि कडेला, जागा नसताना कोंबलेलं:
उलट प्रश्न विचारते.

हं, म्हणाले बाबा.
तरीच आपली गुनवोर.
आणि रेडिओचा आवाज
थोडा मोठा केला.