नोंदवही

बोट आली नाही की पाळक येत नाहीत,
आणि फेरोच्या या टोकाच्या बेटावर
बोट न येणं हीच नेमाची गोष्ट.
मग वाचकानं उठायचं,
काळ्या जाड पुस्तकातून त्या रविवारचं प्रवचन काढायचं
आणि वाचायचं. पदरचा शब्द घालायचा नाही.
वडिलांनी घातला नाही.
मी एकेचाळीस वर्षं घातला नाही.

उपासनेनंतर नोंदवही.
तारीख, वारा, हजर किती.
वारा मी कायम खरा लिहिला.
हजेरीत एकदोनदा
तुम्मासचं कुत्रं धरलं,
ते प्रभूला ठाऊक आहे.

डोळ्यांत मोतीबिंदू उतरला
तेव्हा मंडळीनं रान्वाला निवडलं.
माझ्या भावाची नात,
सॅमनच्या पिंजऱ्यांवर कामाला.
मी नाही म्हटलं नाही. होही म्हटलं नाही.
किल्ली दिली ती अशी,
जसं उसनं भांडं परत करताना
माणूस तळ पुन्हा एकदा बघून घेतो.

ती गमबूट घालूनच येते.
माशांच्या खाद्याचा वास वेदीपर्यंत जातो.
पुस्तक कपाटात ठेवते, मोबाइलवरून वाचते,
आणि वाचता वाचता वर बघते.
हे मला फार खटकायचं, हे वर बघणं.
वाचकाची नजर ओळीवर हवी,
वल्ह्यावरच्या मुठीसारखी.

आगमनकाळाचा दुसरा रविवार.
शास्त्रभाग अंजिराच्या झाडाचा.
आमच्याकडे अंजीर सोडा,
मेंढीला पाठ घासायलाही झाड नाही.
रान्वा वाचत होती:
पालवी फुटते, उन्हाळा जवळ येतो,
आणि थांबली.
ओळ हरवली असणार.
खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

"मालेना कुठे आहे?" तिनं विचारलं.

तिसरा बाक, खिडकीकडचा.
तिची विणलेली उशी होती, ती नव्हती.
आम्ही सहा जणांनी एकमेकांकडे पाहिलं,
जशी काही मालेना
आमच्यातल्या कुणाच्या तरी कोटात असावी.
"आलेच," म्हणत रान्वानं मोबाइल खिशात घातला.
दार आपटलं.
अर्धं राहिलेलं प्रवचन तिच्या खिशातून
चढण चढत, वारं खात निघून गेलं.

आम्ही बसून राहिलो.
आशीर्वाद झाल्याशिवाय उठायचं नसतं.
शेवटी तुम्मास उठला. मग त्याची बहीण.
एकमेकांच्या बाह्या धरून आम्ही चढलो,
मी सगळ्यांच्या मागे, काठीच्या भरवशावर.

बटाट्यांच्या खोलीत पडली होती,
शनिवार संध्याकाळपासून,
खुब्याचं हाड मोडून.
रान्वाचा स्वेटर तिच्या डोक्याखाली,
रान्वा अर्ध्या कपड्यांत, फोनवर,
हेलिकॉप्टर मागवत होती.
मालेनानं आम्हाला दारात पाहिलं.
"प्रवचन संपलं?"
"नाही," तुम्मास म्हणाला.
"मग इथे काय करताय?"

संध्याकाळी रान्वानं नोंदवही माझ्या टेबलावर उघडली.
वारा वायव्येचा, जोराचा.
"हजर किती लिहू?"

मी आलेल्यांना मोजत आलो.
न आलेल्यांना वारा आडवा आला असेल,
असं धरून चाललो.
एका फेब्रुवारीत सिमूनचा बाक
तीन रविवार रिकामा होता.
तिन्ही वेळा मी वळणदार अक्षरात
'पाच' लिहिलं, टाक पुसला.
त्याच्या घराकडे जायची वाट
माझ्याच कुंपणाला लागून होती.
हे मी रान्वाला सांगितलं नाही.
कधीतरी सांगावं लागेल.

"आठ लिही," मी म्हटलं.
"मालेना धरून?"
"धरून."
"आणि प्रवचन?"
"पालवीपर्यंत."

तिनं लिहिलं. पेनचा आवाज ऐकला.
अक्षर कसं आहे
ते मला दिसलं नाही.