लाल पेन

घवाळी काकींनी चावी दिली तेव्हा
भाषण वगैरे काही केलं नाही.
हातभर लांब, टी-आकाराची लोखंडी चावी,
मुठीच्या जागी झिजून चकचकीत झालेली,
आणि रबर लावलेली एक वही.

भांडुपच्या टेकडीवर आमच्या एकशे चौदा घरांना
पाणी येतं पहाटे चार पन्नासला.
पस्तीस मिनिटं.
कुठल्या गल्लीचा वॉल्व्ह आधी, कुणाला किती,
हे ज्याच्या हातात
त्याला इथे नगरसेवकापेक्षा जास्त नमस्कार.
पहिल्याच आठवड्यात दोघांनी चहा पाजला,
शिंत्र्यांनी सुरमई पाठवली, अख्खी,
म्हणाले, आता तुम्हीच आमचे पुढारी.
खोटं कशाला बोलू,
बरं वाटलं.

रात्री वही उघडली. वर्गणी, पंप, वायसर, सगळा हिशेब होता.
पण समासात, लाल पेनानं, मुंग्यांसारखं अक्षर:

१२ मार्च. भावजय आलेली. आपल्या गल्लीला सहा मिनिटं जास्त.
कुणाला कळलं नाही.

१३ मार्च. आपल्या गल्लीची सहा कापली.
भावजय म्हणाली, पाणी का गेलं?
सांगितलं.

पंपाच्या दुरुस्तीत साडेतीनशेचा घोळ. बिल सापडेना.
सभेत उभं राहून बोलले. मागून कुणीतरी 'चोर' म्हणालं.
ऐकून घेतलं.

मुनाफची सून बाळंतीण. वरच्या टोकाला चार मिनिटं वाढवली,
सगळ्यांना विचारून. तिघांचा विरोध.
त्यांची नावं लिहीत नाही.

एका पानावर एवढंच:
आज फार राग आलाय. चावी कमलाकरकडे दिली.

सकाळी गेलो. काकी उंबऱ्यात बसून
वाल सोलत होत्या.
म्हटलं, तुम्हाला बरोबर काय ते कसं कळायचं?
"कुठे कळायचं? लिहायचे.
लिहिलं की दुसऱ्या दिवशी हात जरा अडायचा."
एक वाल बोटातून निसटला, पायरीवरून खाली गेला.
"कधीकधी नाही अडायचा," म्हणाल्या,
आणि तो शोधायला लागल्या.

आता पहाटे वॉल्व्हपाशी उकिडवा बसतो
तेव्हा वर, टेकडीच्या शेवटच्या टोकाला
एकच दिवा दिसतो.
तिथे पाणी पोचायला अकरा मिनिटं लागतात,
हे मला या गल्लीत एकतीस वर्षं राहून
माहीत नव्हतं.
शिंत्र्यांचा वॉल्व्ह तीन आटे जास्त फिरला गुरुवारी.
मीच फिरवला.
अंधार होता, पण हाताला माहीत होतं.

रात्री वही घेतली.
सुरमई घेतली, असं लिहायचं होतं. खाल्ली. चांगली होती.
आणि ते तीन आटे.
काकींचं लाल पेन उमटेना.
हाताशी पोराची पेन्सिल होती, टोक केलेली, मागे खोडरबर.
थोडा वेळ ती धरून बसलो.

मग चपला घातल्या
आणि शेजारी पेन मागायला गेलो.
"एवढ्या रात्री?" मुनाफ म्हणाला.