दीर्घ ई

पाथर्डी फाट्याच्या पुढे, जिथे रिक्षावाले
"आतमध्ये वीस जास्त" म्हणतात,
तिथे 'द्राक्षबन'.
ए ते डीला स्टीलची अक्षरं, रात्री आतून उजळणारी.
आमच्या भिंतीवर ऑइलपेंटने: इ विंग.
तेजल पहिल्याच दिवशी म्हणाली,
आई, हे ऱ्हस्व काढलंय.

सामान अजून टेम्पोत होतं.
मी म्हटलं, गादी धर एका बाजूने.

लॉटरीत नाव लागलं तेव्हा मी अंबडला, सेकंड शिफ्टला
स्विचचे खटके तपासत होते,
चालू, बंद, चालू, बंद, दिवसाला दोन हजार.
अंबादासचा मेसेज: लागलं.
पुढचे बावीस मी न तपासताच सोडले.
कुणाच्या तरी घरात असतील ते आता.
लागत असतील, देव करो.

मग उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला,
बँकेतल्या बाईंनी माझ्या पोतीचं वजन
मणी वजा करून सांगितलं,
आणि किल्ली मिळाली
श्रमिकनगरच्या खोलीच्या किल्लीहून हलकी.

तीनशे बावीस चौरस फूट.
खिडकीतून पांडवलेण्यांचा डोंगर अर्धा दिसतो,
उरलेला डी विंगने घेतला.
मोठं गेट, कारंजं, झोके तिकडे.
आमचं गेट नाल्याच्या अंगाला,
पण वारा येतो. खोटं कशाला बोलू, चांगला येतो.
कपडे तासाभरात वाळतात.

वॉचमन भोये काका सुरगाण्याचे.
याच जमिनीवर टोळीबरोबर छाटणीला यायचे,
मालकाने विकायच्या आधी.
अजून ते सगळं बागेनेच ओळखतात:
क्लबहाऊस म्हणजे थॉमसन,
स्विमिंग टँक म्हणजे शेततळं, "तेच, नुसतं निळं केलंय."
आणि आमची बिल्डिंग?
"तिथं बाग नव्हती. मुरूम होता.
पॅकिंगची शेड. आम्ही झोपायचो तिथं."

वाईट कुणी बोलत नाही.
भाजीच्या गाडीपाशी रानडे बाई हसून म्हणाल्या,
तुम्ही म्हाडावाल्या ना?
तुमच्याकडे कुणी आहे का हो पोळ्यांना?
मी बघते म्हटलं. आणि खरंच बघितलं.
चारशे तीनच्या सरलाला काम लागलं.
मला चांगला राग यायचा होता,
तेवढ्यात सरला पेढे घेऊन आली.

परवा तेजलचा शाळेचा फॉर्म हाती लागला.
पत्ता: द्राक्षबन, पाथर्डी फाटा, नाशिक.
विंग नाही. विंगपुरती जागाही सोडलेली नाही.
ओरडायला तोंड उघडलं
आणि आठवलं, सुपरवायझरने विचारलं तेव्हा
मीही एवढंच सांगितलं होतं.
"अरे वा, द्राक्षबन!" तो म्हणाला,
आणि ते 'वा' मी बसमधून घरापर्यंत
अंडी आणावीत तसं आणलं होतं.
फॉर्मवर सही केली.
पोहे भिजत टाकले.

रविवारी तांबट आळीत गेले, पाटीसाठी.
पितळेची. अक्षराला वीस रुपये,
काना-मात्रा त्यातच.
अलका अंबादास धिवरे. पाचशे तीन.
म्हातारा छिन्नी टेकवून थांबला.
"विंग टाकायची?"
शेजारी कुणीतरी घंगाळ ठोकत होतं,
त्या आवाजात मला थोडा वेळ मिळाला.
टाका.
"इ कुठली, ऱ्हस्व?"
दीर्घ, म्हटलं. वरचा तुरा नीट काढा.
"पैसे तेवढेच," तो म्हणाला.

पाटी अजून पिशवीतच आहे.
ड्रिल सरलाच्या दिराकडे, तो गुरुवारी येतो.
काल पाहिलं तर कागद तसाच,
घडीवर घडी,
फक्त सुतळीची गाठ माझी नव्हती.
तेजल काही बोलली नाही.
तिच्या बोटाला पितळेचा वास येत होता,
जेवताना.