पंचवीस मीटर

वडाळ्याच्या आरटीओत, पंख्याखालच्या बाकावर
फॉर्म भरताना पेन अडलं.
आधीचे प्रश्न सोपे होते.
फेफरं येतं का? नाही.
चक्कर येऊन शुद्ध हरपते का? नाही
(नणंदेच्या लग्नात हरपावीशी वाटली होती, ते वेगळं).
मग हा:
पंचवीस मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का?

येते.
फाटकाशी उभ्या टेम्पोची मी वाचलीसुद्धा,
एमएच शून्य तीन, पुढचे आकडेही, जरा मोठ्यानं.
शेजारचा पोरगा म्हणाला, काकू, कुणी येणार होतं का?

जयवंतला ताट वाढताना हल्ली सांगावं लागतं:
भाजी दोनवर, चटणी दहावर, वरणाची वाटी बाहेर.
चाळीस वर्षांत पहिल्यांदाच
एका कागदावर आम्हा दोघांची उत्तरं वेगळी.
मी 'होय'वर खूण केली
आणि उगाच इकडेतिकडे पाहिलं.

महिनाभर, भांडी आवरल्यावर,
त्याच्या तळहातावर मी बोटानं पाट्या काढत होते.
गोल, मध्ये आडवी पट्टी.
'प्रवेश बंद. अवघड विचार.'
त्रिकोण, आत नागमोडी.
'वळणं. कशेडीत आहे ही, चहाच्या टपरीच्या अलीकडे.'
उलटा त्रिकोण.
'मार्ग द्या. ही फक्त परीक्षेत असते.'
एकदा मी खोडी काढली, गोलात पापलेट काढलं.
'सोमवारी बाजार बंद,' म्हणाला,
आणि हात मागे घेतला नाही.

कॉम्प्युटरची खोली थंडगार, माउसला तेलकट बोटं.
एकेक प्रश्न, कोपऱ्यात सेकंद उतरणारे.
पिवळा दिवा, रुग्णवाहिका, पुलावर ओव्हरटेक,
सगळं पाठ होतं.
अकरावा:
पांढरी काठी घेतलेली अंध व्यक्ती
रस्ता ओलांडत असेल तर चालकानं काय करावं?
एक, हॉर्न वाजवावा.
दोन, वेग कमी करावा.
तीन, काठी हीच थांबण्याची खूण समजावी.

उत्तर येत होतं.
आमच्या कपाटामागे तशीच एक काठी आहे, घडीची,
दवाखान्यातून आणली त्या प्लास्टिकसकट.
'ती बाहेर काढलीस तर मी घराबाहेर पडणार नाही,'
असं जयवंत म्हणाला त्याला सात महिने झाले.
मी वाचत राहिले. परत वाचलं.
सेकंद संपले, पडदा बारावर गेला.

'चौदा बरोबर!' मी दारातूनच ओरडले.
'चुकलं कुठलं?'
'सायलेन्सरचं,' मी म्हटलं.
'सायलेन्सरचं तर मी तीनदा घेतलं होतं तुझ्याकडून,'
म्हणत तो बराच वेळ चुकचुकत बसला.

पक्क्या परीक्षेला अजून पाच आठवडे.
सकाळी पारकरांच्या गाडीत ट्रक टर्मिनलच्या मागे आठचा आकडा.
त्यांच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो
आणि तोंडात बडीशेप,
त्यामुळे माझा आठ कधी सहा होतो तरी ते शांत.

रविवारी मात्र आमची गाडी.
टिळकनगरात, आमच्याच इमारतीच्या आवारात,
फाटक ते पंपाची खोली, मग उलटी.
शिकाऊ माणसाच्या शेजारी परवानावालं माणूस हवं.
जयवंतचा परवाना अजून दोन वर्षं चालतो,
कागदाला काही दिसायला लागत नाही.
तो पट्टा लावून ताठ बसतो, काच खाली.
'दुसरा टाक.'
टाकते.
'कण्हतेय ती, ऐक जरा. टाक म्हटलं की लगेच नाही,
तिनं मागितला की टाक.'

पंपाच्या खोलीपाशी मी एकदम थांबवली.
'काय झालं? कुणी आलं का मध्ये?'
'कुणी नाही.'
त्याचा उजवा पाय रबरी चटईवर
पार आतपर्यंत दाबलेला होता,
जिथं आमच्या गाडीत काहीच नाही.
'मग थांबलीस का?'
'तू ब्रेक मारलास ना,' मी म्हटलं.
तेवढ्यात इंजिन गचका खाऊन बंद पडलं.
क्लच मी विसरलेच होते.